काडीकिड्याचं कुल कसं ठरतं?

पावसाळ्यात झडी लागली की आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक फोटो हमखास फिरतो. भिंतीवर, वखराच्या दांड्यावर नाहीतर धुऱ्यावरच्या बोरीला चिकटलेली एक काडी, आणि नीट पाहिलं की तिला सहा पाय. खाली प्रश्नच प्रश्न: हा कोणता किडा? चावतो का? पराटीवर चढला तर काय करायचं? २०२५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातून बातमी आली, की तिथल्या उंच डोंगराळ वर्षावनात सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची आणि ४४ ग्रॅम वजनाची काडीकिड्याची नवी जात सापडली आहे, बहुधा त्या देशातला सगळ्यात वजनदार कीटक. तेव्हापासून प्रश्नांत आणखी एकाची भर पडली: आपल्या वावरातला हा आणि तिकडचा तो, एकाच घराण्यातले का?

दोघांचा गण एक आहे, एवढं लगेच सांगता येतं. त्या गणाच्या आत कोण कोणाला जवळचा, हे ठरवायला मात्र अभ्यासकांची शंभरहून जास्त वर्षं गेली, आणि त्यात अनेकदा आधीची मांडणी पुसून नवी करावी लागली. कारण सरळ आहे. हे किडे दिसण्यातून फसवण्यासाठीच घडले आहेत. पाखरं फसतात, सरडे फसतात, तशीच माणसंही फसली. शेवटी जनुकं तपासली तेव्हा कळलं, की नातं दिसण्याशी नाही, तर किडा कोणत्या मुलखात राहतो त्याच्याशी जास्त जुळतं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्यामुळेच विदर्भातल्या एखाद्या खेड्यातल्या नोंदीला किंमत येते.

## आधी ओळख पक्की करू

आपल्याकडे काडीकिडा आणि प्रार्थनाकीटक यांची गल्लत फार होते. दोघेही लांबट, हिरवे किंवा वाळल्या गवताच्या रंगाचे. फरक पायांत आहे. प्रार्थनाकीटकाचे पुढचे पाय काटेरी आणि मुडपलेले असतात, कारण तो दुसरे किडे धरून खातो. मान वळवून तो तुमच्याकडे बघतोसुद्धा. काडीकिडा निव्वळ पाल्यावर जगतो. तो पुढचे दोन पाय डोक्याच्या पुढं सरळ ताणतो, त्यांच्यात मिशा मिसळून जातात, आणि डोकं कुठं संपलं नि पाय कुठं सुरू झाले ते कळेनासं होतं.

हाताशी भिंग असेल तर त्या पुढच्या पायांची मांडी बघा. बुडाशी तिला आतल्या बाजूनं एक वाक असतो. दोन्ही पाय जुळले की त्या दोन वाकांच्या मधल्या फटीत डोकं बरोबर बसतं. काडी अखंड दिसावी म्हणून हाडापेराची एवढी बारीक बेगमी झालेली पाहिली की माझं तर भान हरपतं.

दुसरी खूण फोटोतूनही कळते. प्रार्थनाकीटकाच्या मधल्या आणि मागच्या पायांच्या जोड्या एकमेकींच्या जवळ असतात. काडीकिड्याच्या तिन्ही जोड्या लांब लांब असतात, कारण त्याच्या छातीचा पहिला भाग आखूड आणि पुढचे दोन भाग ताणलेले असतात.

दिवसा तो जागचा हलत नाही. वारा आला तर फांदीबरोबर डुलतो, धक्का लागला तर पाय अंगाशी जुळवून खाली पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. रात्री पानं कुरतडत फिरतो. कोणी पाय धरला तर पाय सोडून निघून जातो. पिल्लू असेल तर पुढच्या कातीबरोबर तो पाय पुन्हा फुटू लागतो. अळी आणि कोष या अवस्था त्याच्यात नसतात, अंड्यातून थेट छोटा काडीकिडाच बाहेर येतो.

## लागणारे शब्द एकदाच समजून घेऊ

एकमेकांशी जोडी जमून ज्यांची संतती पुढं चालते, अशा जिवांची एक जात. जवळच्या जाती मिळून प्रजाती, जवळच्या प्रजाती मिळून कुल, आणि कुलं मिळून गण. जगातल्या सगळ्या काडीकिड्यांचा आणि पानासारख्या दिसणाऱ्या पानकिड्यांचा मिळून जो गण आहे त्याला फॅस्मॅटोडिआ म्हणतात. त्यात तीन हजारांहून जास्त जाती आहेत. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर त्या सापडतात, पण खरी गर्दी उष्ण आणि ओल्या प्रदेशांत: बोर्निओ, न्यू गिनी, फिलिपिन्स, मादागास्कर, मध्य आणि दक्षिण अमेरिका.

या लेखात मी त्यातल्या एका कुलावर जास्त बोलणार आहे. त्याचं नाव लोंकोडिडी. हजाराच्या घरात जाती असलेलं हे कुल भारत-श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण पट्ट्यात पसरलं आहे. भारताचा जगभर नावाजलेला काडीकिडा याच कुलातला.

वर्गीकरणातली खरी अडचण आडनावांवरून कळते. अमरावतीकडचं एक पाटलांचं घर आणि कोल्हापूरकडचं एक पाटलांचं घर, आडनाव एकच. म्हणून ती भावकी होत नाही. दोन्ही घरांकडे आपापल्या गावची पाटीलकी होती, कामावरून नाव पडलं. उलट एका आजोबांची नातवंडं वेगवेगळ्या गावी गेली तर शंभर वर्षांत त्यांची आडनावं वेगळी होऊ शकतात. किड्यांमध्येही एकच काम करणारे दोन परके किडे एकाच घडणीचे होतात, आणि सख्खे भाऊबंद वेगवेगळ्या कामाला लागले की ओळखू येत नाहीत.

## पायावरच्या त्रिकोणानं पाडलेले दोन तट

इंग्लंडच्या जॉन वेस्टवुड यांनी १८५९ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या काडीकिड्यांची मोठी यादी छापली. त्यातले कितीतरी नमुने निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांवरून पाठवलेले होते. पुढं १९०६ ते १९०८ या काळात व्हिएन्नातले कार्ल ब्रुनर फॉन वाटेनविल आणि योझेफ रेड्टेनबाखर यांनी सगळ्या गणाचा तीन भागांतला ग्रंथ काढला. आजही जुनं नाव शोधायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

त्या काळात हाताशी होते ते टाचणीला टोचलेले वाळके किडे. म्हणून विभागणीसाठी अशी खूण हवी होती जी वाळल्यावरही टिकेल. ती सापडली पायाच्या नडगीवर. काही काडीकिड्यांच्या नडगीच्या टोकाला खालच्या बाजूनं एक लहानसा त्रिकोणी खोलगट भाग असतो, काहींना नसतो. त्रिकोण असलेले एका तटात, नसलेले दुसऱ्या तटात. पुढची कित्येक दशकं गणाची मोठी वाटणी या खुणेवर चालली.

खूण सोयीची होती, पण नात्याला धरून नव्हती. तो त्रिकोण वेगवेगळ्या वंशांत वेगवेगळ्या वेळी आला किंवा गेला असणार, हे पुढच्या अभ्यासांत स्पष्ट होत गेलं आणि दोन्ही तट मोडीत निघाले. पंखांनीही असाच घोळ घातला. या गणात बिनपंखी, आखूडपंखी आणि चांगले उडणारे असे सगळे प्रकार आहेत. २००३ मध्ये मायकेल व्हायटिंग आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं, की काडीकिड्यांचे पूर्वज पंख गमावून बसले होते आणि काही वंशांत ते परत आले. त्यावर लगेच आक्षेपही निघाले आणि तो वाद मिटलेला नाही. तात्पर्य एवढंच, की पंख आहेत की नाहीत यावरून कुल ठरवणं धोक्याचं.

## दिसायला जुळे, नात्यानं परके

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर लॉर्ड हाव नावाचं छोटं बेट आहे. तिथं एक जाड, काळपट, चकचकीत, हाताच्या पंजाएवढा बिनपंखी काडीकिडा राहायचा: ड्रायोकोसेलस ऑस्ट्रॅलिस. दिवसा झाडाच्या ढोलीत, रात्री बाहेर. लोक त्याला ट्री लॉब्स्टर म्हणत, म्हणजे झाडावरचा मोठा झिंगा. १९१८ मध्ये मकाम्बो नावाचं जहाज बेटावर रुतलं, त्यातून उंदीर उतरले, आणि थोड्याच वर्षांत हा किडा संपला असं सगळ्यांनी धरलं. २००१ मध्ये तिथून २३ किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून उभ्या उठलेल्या सुळक्यावर, कपारीतल्या एका झुडपाखाली, काही मोजके जिवंत सापडले. २००३ मध्ये त्यातल्या दोन जोड्या खाली आणल्या आणि त्यातल्या एका जोडीची मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात वीण वाढवली.

आता न्यू गिनी बघा. तिथं युरिकँथा नावाची प्रजाती आहे. तीही जाड, बिनपंखी, काटेरी पायांची, दिवसा ढोलीत नाहीतर सालीखाली लपणारी, रात्री फिरणारी. दोन्ही शेजारी ठेवले तर भाऊच वाटावेत. जुन्या वर्गीकरणात दोघांना एकाच उपकुलात, म्हणजे कुलाच्या आतल्या एकाच गटात, बसवलं होतं, आणि त्या काळची साधनं बघता ते साहजिकच होतं.

२००९ मध्ये थॉमस बकली आणि सहकाऱ्यांनी दोघांची जनुकं तपासली. लॉर्ड हावचा किडा निघाला ऑस्ट्रेलियातल्या लांबसडक काडीकिड्यांच्या गोतातला. क्वीन्सलँडचा तो नवा ४४ ग्रॅमचा किडाही याच गोतातला. न्यू गिनीचा युरिकँथा निघाला लोंकोडिडींपैकी, म्हणजे तामिळनाडूतल्या बारीक, नाजूक काडीकिड्याचा नातलग. ढोलीत राहायचं, जमिनीवर उतरायचं, अंगानं दणकट असायचं, हे काम दोघांनी आपापल्या बेटावर स्वतंत्रपणे पत्करलं आणि दोघांची घडण एक झाली. दोघांची पाटीलकी सारखी, भावकी वेगळी.

## नवरा एका प्रजातीत, बायको दुसऱ्या

या गणात नर आणि मादी इतके वेगळे असतात की अनोळखी माणसाला ती एकाच जातीची वाटणार नाहीत. नर लहान, सडपातळ, कित्येकदा पंख असलेला. मादी मोठी आणि जड. रानात दोघं एकत्र सापडली नाहीत, आणि नमुने वेगवेगळ्या संग्रहालयांत गेले, तर दोन नावं पडणारच.

याचा सगळ्यात बोलका दाखला न्यू गिनीच्या पानकिड्यांचा आहे. नॅनोफिलियम नावाच्या प्रजातीचे फक्त नरच माहीत होते. फिलियम प्रजातीच्या एका गटाच्या फक्त माद्याच माहीत होत्या. माँट्रियलच्या कीटक-संग्रहालयात फिलियमच्या एका मादीची अंडी उबवली आणि त्यातून जे नर वाढले ते नॅनोफिलियमसारखे निघाले. म्हणजे संग्रहालयांच्या कपाटांत इतकी वर्षं नवरा आणि बायको वेगवेगळ्या प्रजातींच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले होते. २०२० मध्ये ही दुरुस्ती छापून आली आणि त्या गटाच्या माद्यांची नावं बदलली.

म्हणूनच आता अभ्यासक अंड्याला फार मान देतात. काडीकिड्याचं अंडं बघितलं तर एखाद्या रानवेलीचं बी वाटतं. कडक कवच, टोकाला गोल झाकण, कडेला एक ठसा. या झाकणाची, ठशाची आणि कवचावरच्या नक्षीची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. किडा फसवतो, पण त्याचं अंडं ओळख पटवून देतं.

## जनुकांनी पाडलेली वाटणी

२०१९ मध्ये सब्रिना झिमोन, स्वेन ब्राडलर आणि इतर अनेकांनी मिळून दोन हजारांहून जास्त जनुकांचा ताळा घेतला. त्यातून जे चित्र उभं राहिलं त्यात दोन छोटे गट बाजूला निघतात: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे टिमेमा नावाचे आखूड काडीकिडे, जे बाकी सगळ्यांचे सगळ्यात दूरचे नातेवाईक आहेत, आणि आग्नेय आशियातलं एक लहान कुल. उरलेल्या प्रचंड गोतावळ्याचे दोनच मोठे भाग पडतात. एक अमेरिका खंडांतला, दुसरा आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडचा.

जाड असो की बारीक, पंखवाला असो की बिनपंखी, पायाला त्रिकोण असो की नसो, अमेरिकेतला काडीकिडा अमेरिकेतल्याच दुसऱ्या काडीकिड्याला जवळचा. जुन्या पुस्तकांत दोन्ही गोलार्धांतले सारखे दिसणारे किडे एकत्र बांधले होते. त्या सगळ्या गाठी सुटल्या.

लोंकोडिडी कुलाचा आजचा आकारही याच उलथापालथीतून आला. याचे दोन मोठे उपकुल आहेत. लोंकोडिनी हे बहुतांशी बिनपंखी, लांब पायांचे. नेक्रोसिइनी हे बरेचसे पंखवाले, काहींचे मागचे पंख उघडल्यावर गुलाबी किंवा पिवळे दिसणारे, आणि आग्नेय आशियात सगळ्यात दाट. नेक्रोसिइनींना पूर्वी उत्तर अमेरिकेतल्या काडीकिड्यांच्या कुलात धरत. २०१८ मध्ये रॉबर्टसन, ब्राडलर आणि व्हायटिंग यांनी काडीकिडे अंडी कुठं आणि कशी घालतात (खाली टाकतात, चिकटवतात, मातीत रोवतात) याचा जनुकांशी मेळ घातला, तेव्हा नेक्रोसिइनी आणि लोंकोडिनी यांचं एकच कुल मानावं लागलं.

भारताचा नावाजलेला काडीकिडा म्हणजे कॅरॉशियस मोरोसस. १९०१ मध्ये फ्रेंच जेझुइट धर्मगुरू रॉबेर द सिनेती यांनी त्याचं वर्णन केलं. नमुने होते तामिळनाडूच्या पलनी डोंगरांतल्या शेंबागनूरचे. पूर्ण वाढलेल्या मादीच्या पुढच्या पायांना बुडाशी आतून लाल डाग असतो, पाय जुळवलेले असताना तो अजिबात दिसत नाही. नराशिवाय मादी अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. पाळायला इतका सोपा असल्यामुळं तो युरोपभरच्या शाळांत आणि प्रयोगशाळांत पोचला. सहा पायांचं चालणं कसं जुळतं, यावर जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात याच किड्यावर कित्येक वर्षं काम झालं आणि त्यावरून सहा पायांचे यंत्रमानवही बनवले गेले.

विदर्भाच्या पानगळीच्या रानात आणि धुऱ्यांवर जे बिनपंखी, बारीक, हिरवे-करडे काडीकिडे दिसतात ते सगळे लोंकोडिडीच असतील असं मात्र समजू नका. आशियाभर पसरलेली रॅम्युलस नावाची फार मोठी प्रजाती वेगळ्या गोतातली आहे, आणि तीही नर-मादी दोघं बिनपंखी, बारीक, काडीसारखीच. या दोघांतला फरक व्हॉट्सअॅपवरच्या एका धूसर फोटोतून सांगणारा माणूस बहुधा अंदाज बांधत असतो.

## पंख नाहीत, मग समुद्र ओलांडला कसा?

मुलखावरून नातं ठरतं म्हटलं की हा आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे. मॉरिशसची गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं तिथं गेली, त्यामुळं ते बेट आपल्याला परकं वाटत नाही. मॉरिशस आणि शेजारच्या बेटांवरचे काडीकिडे आफ्रिका आणि मादागास्कर जवळ असूनही तिथले नाहीत. २०१५ च्या अभ्यासात ते ऑस्ट्रेलियाकडच्या गोतातले निघाले, आणि सगळे एकाच पूर्वजाचे वंशज. गंमत अशी, की या वंशाचं वय मॉरिशसहून जास्त भरलं. मॉरिशस समुद्रातून वर आलं साधारण ८० लाख वर्षांपूर्वी. त्याआधी हे किडे आसपासच्या अशा बेटांवर राहत असावेत जी आता पाण्याखाली गेली आहेत, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

प्रवास बहुधा किड्यानं केला नाही, अंड्यानं केला. केवड्याच्या जातीच्या किनारी झाडांवर राहणाऱ्या मेगॅक्रानियाची अंडी पाण्यावर तरंगतात. काही जातींच्या अंड्यांच्या झाकणावर मुंग्यांना आवडणारा एक गोळा असतो. मुंग्या ते अंडं बी समजून वारुळात नेतात, गोळा खातात आणि अंडं सोडून देतात. २०१८ मध्ये जपानमध्ये काडीकिड्यांच्या तीन जातींची अंडी बुलबुलांना चारून पाहिली. वेगवेगळ्या जातींच्या अंड्यांपैकी ५ ते २० टक्के विष्ठेतून धड बाहेर पडली, आणि त्यातली रॅम्युलस प्रजातीतल्या एका जातीची काही उबलीसुद्धा. त्यात मादीला नराची गरजच नसेल, तर नव्या जागी एक अंडं उबलं तरी वंश सुरू होऊ शकतो.

आजचा मुलूख हा कायमचाच मुलूख असतो असंही नाही. पानकिडे आज आशिया आणि प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यातच मिळतात, पण जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा पानकिड्याचा ठसा मिळाला आहे. त्या वेळी युरोप उष्ण आणि ओला होता. हवामान पालटलं, रानं गेली, पानकिडेही तिथून गेले.

## "नावं सारखी बदलता, मग विश्वास कशावर ठेवायचा?"

शिक्षक आणि स्पर्धा परीक्षेची मुलं हे हमखास विचारतात. जात सहसा बदलत नाही, बदलते ती तिच्यावरची चिठ्ठी: प्रजाती, उपकुल, कुल. कॅरॉशियस मोरोससचं मोरोसस हे नाव १९०१ पासून कायम आहे, पण त्याचं कुल कुठं फॅस्मॅटिडी लिहिलेलं दिसेल, कुठं डायाफेरोमेरिडी, नव्या लिखाणात लोंकोडिडी. जुनं पुस्तक खोटं बोलत नसतं, त्या वेळच्या पुराव्यावर बोलत असतं. शोधताना जातीचं नाव धरून शोधा आणि कुलासाठी अलीकडचं लिखाण बघा.

## "शेताला धोका आहे का?"

आपल्याकडच्या पराटी, तूर, सोयाबीनवर जे नुकसान आपण बघतो ते बोंडअळीचं, खोडमाशीचं, चक्रीभुंग्याचं. एखाद-दुसरा काडीकिडा धुऱ्यावरून पिकावर आला म्हणून फवारा काढायचं कारण नाही. त्याला नांगी नाही, त्याचे जबडे पानं कापण्यापुरतेच. फ्लोरिडातला ॲनिसोमॉर्फा नावाचा काडीकिडा डोळ्यांना झोंबणारा फवारा सोडतो. म्हणून अनोळखी किडा डोळ्यांजवळ नेऊ नये, एवढी काळजी पुरे.

काडीकिडे कुठंच नुकसान करत नाहीत असंही नाही. प्रशांत महासागरातल्या फिजी, सामोआ या बेटांवर ग्रेफिआ नावाचा काडीकिडा नारळाची झाडं ओरबाडून टाकतो. ऑस्ट्रेलियात काही जाती निलगिरीची रानं पर्णहीन करतात. आपला कॅरॉशियससुद्धा माणसाबरोबर दक्षिण आफ्रिकेत आणि कॅलिफोर्नियात जाऊन बागांमध्ये स्थिरावला. नेमकी जात माहीत असेल तरच कळतं की आलेला किडा इथलाच आहे की बाहेरून आला. लांबचे काडीकिडे पाळायची हौस असलेल्यांनी ते बाहेर सोडू नयेत, त्याचं कारण हेच.

## "याचा आम्हाला काय उपयोग?"

भारतातल्या काडीकिड्यांच्या बऱ्याच नोंदी ईशान्येकडचे डोंगर, पश्चिम घाट आणि दक्षिणेतून आल्या आहेत. पावसाळी सदाहरित रानांकडे अभ्यासक आधी गेले, हे स्वाभाविक होतं. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोहा यांची आपली रानं उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. पाल्यावर जगणाऱ्या, पंख नसलेल्या किड्याला हा काळ काढायचा तर तो अंड्याच्या रूपात, जमिनीवरच्या पालापाचोळ्यात काढावा लागतो.

आणि तो पालापाचोळाच आपण जाळतो. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून मार्चमध्ये झाडाखाली आग लावतात, ती पुढं सरकते आणि वणवा होतो. वेचणाऱ्या बायांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, त्यांचं दोन महिन्यांचं पोट त्यावर असतं. पण पंख असलेली पाखरं आणि फुलपाखरं आगीपासून उडून जातात, काडीकिड्याचं अंडं तिथंच राहतं. लॉर्ड हावला एका जहाजातून उतरलेल्या उंदरांनी जे केलं, ते एखाद्या लहानशा टेकडीवर दोन-चार उन्हाळ्यांच्या आगी करू शकतात, आणि तिथं काय होतं ते आपल्याला कळणारही नाही, कारण लिहून ठेवलेलंच नसेल. काही गावांत मोहाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. त्यात जमीन जाळावी लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळतं.

लिहून ठेवायची सोय मात्र आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. या नोंदवह्यांत झाडं, औषधी वनस्पती, मासे भरलेले असतात, किड्यांची पानं बहुतेक कोरी. ती भरायला पदवी लागत नाही.

## फोटो काढताना

किडा दिसला तर आधी तो ज्या झाडावर आहे त्या झाडाचं पान फोटोत येऊ द्या, कारण खाणं माहीत असणं ही अर्धी ओळख आहे. मग वरून पूर्ण अंगाचा एक, डोकं आणि पुढचे पाय जवळून एक, शेपटीच्या टोकाचा बाजूनं एक. नर की मादी ते टोकावरून कळतं. लांबी समजावी म्हणून बाजूला पट्टी ठेवा. गावाचं नाव, तालुका, तारीख, वेळ लिहा; नुसतं "विदर्भ" लिहून भागत नाही. हे सगळं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आय-नॅचरलिस्टवर टाकता येतं, तिथं काडीकिड्यांचे जाणकार फोटो तपासतात.

मादी असेल आणि दोन दिवस ठेवता येत असेल, तर तिला ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची ओली डहाळी देऊन जाळीच्या डब्यात ठेवा आणि मग जिथून उचलली तिथंच सोडून या. डब्याच्या तळाला बियांसारखे दाणे पडलेले दिसतील. ते फेकू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून एकेक दाणा झाकणाच्या बाजूनं आणि ठशाच्या बाजूनं टिपा, आणि फोटो झाले की दाणे त्याच झुडपाखालच्या पाचोळ्यात टाकून द्या.